समुद्रकिनाऱ्यावर उतरायचा सराव परदेशी फौजेबरोबर कशासाठी करायचा?

विचारणाऱ्याचे प्रश्न थोडक्यात असे: "मी ग्वाल्हेरचा, बारावीत आहे. काकीनाड्याला आपली आणि अमेरिकेची फौज मिळून किनाऱ्यावर उतरायचा सराव करते, असं वाचलं. आपली सेना इतकी अनुभवी, मग त्यांच्याबरोबर सराव कशाला? आधी टेहळणी करतात म्हणजे काय करतात, उपग्रहातून सगळं दिसतं ना? आणि ज्यानं समुद्रच पाहिलेला नाही, अशा मुलाला या कामात जाता येतं का?"

बारावीत आहेस म्हणून 'तू' म्हणतो. मीही ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलाच, महाराज बाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं घर. बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे भूदलाच्या इंजिनिअर दलात होतो, खडकीला घडलो. नोकरीचा मोठा भाग नद्या आणि कालव्यांवर गेला. पुढे आमची तुकडी किनाऱ्यावरच्या सरावांना जोडली गेली, त्यामुळे हे काम जवळून पाहिलं आणि केलंही.

उपग्रहापासून सुरुवात करतो, बाकीची उत्तरं तिथूनच निघतात. पुळण किती रुंद, मागे रस्ता कुठे, झाडी कुठे, वस्ती कुठे, हे आज कुणालाही फोनवर दिसतं. गढूळ, फेसाळलेल्या पाण्याखाली काय आहे ते मात्र भरवशानं दिसत नाही, आणि उतरताना घात होतो तो तिथेच. सागरी नकाशे असतात, पण ते मुळात जहाजांनी उथळ पाण्यापासून लांब राहावं म्हणून काढलेले. उतरणाऱ्या फौजेला नेमकं उथळ पाणीच हवं असतं. शेवटच्या दोन-तीनशे मीटरची माहिती त्या नकाशांत विरळ असते, आणि असली तरी एका पावसाळ्यात वाळू जागा बदलते.

फौज उतरवणारी बोट पुढून सपाट असते. ती किनाऱ्याला नाक टेकवते, पुढचं दार खाली पडतं आणि त्याच दारावरून माणसं आणि गाड्या बाहेर पडतात. हे नीट व्हायचं तर समुद्रतळाचा उतार बोटीच्या तळाशी जुळायला हवा. पुळण फार सपाट असेल तर बोट लांबवरच रुतते. त्याहून घातक म्हणजे किनाऱ्याला समांतर पसरलेला वाळूचा बांध. बोट त्या बांधावर टेकते, चालवणाऱ्याला वाटतं पोहोचलो, दार पडतं, आणि बांध आणि किनारा यांच्यामध्ये खोल खळगा असतो. पाठीवर पंचवीस-तीस किलोचं ओझं, हातात रायफल, पायात बूट. जवान पुढचं पाऊल टाकतो ते डोक्यावरून पाणी जाईल अशा जागी.

डिसेंबर १९७१ मध्ये आपल्याच फौजेवर हे ओढवलं. पूर्व पाकिस्तानातून ब्रह्मदेशाकडे निसटणाऱ्या पाकिस्तानी सैनिकांची वाट अडवायची म्हणून कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर फौज उतरवायचं ठरलं. मोहिमेचं नाव ऑपरेशन बीव्हर. पहिल्या बटालियन, तिसऱ्या गोरखा रायफल्सचे जवान जहाजांवर चढवले गेले. माणसं लढवय्यी, पण समुद्रातून उतरण्याचा सराव त्यांना नव्हता आणि त्या किनाऱ्याची पाण्याखालून पाहणी झालेली नव्हती. जहाज बांधावर टेकलं. पहिले जवान उतरले आणि खळग्यात गेले. दोघे बुडाले. बाकीच्यांना पुढे स्थानिक होड्यांमधून किनाऱ्यावर आणावं लागलं. शत्रू तिथे नव्हताच.

हे मी दर वेळी मुलांना सांगतो आणि दर वेळी घसा दाटतो. युद्ध आपण जिंकलो, ढाका १६ डिसेंबरला पडलं, म्हणून ही गोष्ट कोपऱ्यात राहिली. त्या दोन जवानांना शत्रूची गोळी लागली नव्हती. आदल्या रात्री दोन पोहणारे शिसं बांधलेली दोरी घेऊन त्या पाण्यात गेले असते तर तो खळगा कळला असता.

टेहळणी म्हणजे हेच काम. फौजेत आम्ही 'रेकी' म्हणतो. रबरी होडी बरीच आत, लाटांच्या पलीकडे थांबते. पोहणारे जोडीनं जातात. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी ताणून ठरावीक टप्प्यावर खोली मोजायची आणि प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलनं लिहायची, अंधारात, हाताला लागेल तशी. तळाची वाळू मुठीत घेऊन बघायची: भरड की पिठासारखी, खाली चिखल आहे का. सळई दाबून बघायची, किती आत जाते. रणगाडा किंवा भरलेला ट्रक तिथे टिकेल की नाही, हे त्या सळईवरून कळतं. लाटा मोजायच्या, त्यांची उंची आणि दोन लाटांमधला वेळ. पाणी आडवं किती वाहतं तेही पाहायचं.

या आडव्या ओढीचं महत्त्व गणितानं सांगतो, बारावीचा आहेस म्हणून. आपली बीएमपी गाडी, जिला आपण 'सारथ' म्हणतो, पाण्यावर तरंगते आणि पट्ट्यांच्या जोरावर ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगानं पुढे सरकते. एक किलोमीटर पाणी कापायला तिला साडेआठ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पाणी आडवं ताशी ३ किलोमीटरनं वाहत असेल, तर गाडी ४०० मीटरहून जास्त बाजूला लागते. चारशे मीटर बाजूला म्हणजे सुरुंग काढलेली वाट सुटली आणि खडक समोर आला. लाटा उंच असतील तर ती पाण्यात घालायचीच नाही, हा निर्णयही त्या पाटीवरच्या आकड्यांवरूनच होतो.

किनाऱ्यावर चढल्यावर वेगळीच पाहणी. पुळणीतून रस्त्याकडे गाडी कुठून निघेल? उतरलेली फौज वाळूतच अडकून राहिली तर समोरच्याला नेम धरायला सोपं जातं. कुणी चालत आलं तर पाण्यात नाक तेवढं वर ठेवून पडून राहायचं. परत येताना पावलं पुसायची, किंवा भरती पुसून टाकेल अशी वेळ गाठायची. परतल्यावर झोप नाही. ओल्या कपड्यांतच सँड मॉडेल, म्हणजे त्या किनाऱ्याची वाळूतली प्रतिकृती, बनवायचं आणि बोटी चालवणाऱ्यांना समोर बसवून समजावायचं. माझ्या मते अर्धी रेकी इथे होते. पोहणाऱ्याला दिसलेला खळगा सुकाणू धरणाऱ्याच्या डोक्यात उतरला नाही, तर रात्रभराची मेहनत वाया गेली.

दुसऱ्या महायुद्धात या कामाचं शास्त्र झालं, आणि तेही माणसं गमावून. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा बेटावर अमेरिकी मरीन उतरले तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती होती, पाणी अपेक्षेइतकं चढलंच नाही. बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि जवानांना शेकडो मीटर पाण्यातून चालत गोळीबाराला सामोरं जावं लागलं. तीन-चार दिवसांत हजाराच्या आसपास अमेरिकी मेले. त्यानंतर त्यांनी पाण्याखालून पाहणी करणारी पथकं झपाट्यानं वाढवली. इंग्रजांनी त्याआधीच असं पथक उभं केलं होतं. १९४३ च्या शेवटच्या रात्री मेजर स्कॉट-बाउडेन आणि सार्जंट ऑग्डन-स्मिथ हे दोघे पोहत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले आणि जर्मन पहाऱ्याच्या नाकाखालून वाळूचे नमुने घेऊन आले. खाली मऊ माती असेल तर रणगाडे रुततील, ही शंका होती. जूनमध्ये लाखो माणसं उतरली, त्याच्या आधी हे दोघे ओल्या वाळूत पालथे पडून नळीनं माती काढत होते.

आपल्या ग्वाल्हेरचाही या इतिहासात एक धागा आहे, आणि तो आपल्या शाळांत कुणी सांगत नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदराजवळ इंग्रजांची सुमारे ८,००० माणसांची फौज मुंबईहून नेऊन उतरवली गेली. तिच्यात ग्वाल्हेर संस्थानच्या पायदळाची तुकडीही होती. किनाऱ्याची नीट पाहणी नाही, पलटणींनी एकत्र सराव केलेला नाही, पंधरवडाभर जहाजावर उलट्या करून माणसं गळालेली, आणि उतरायची जागा खारफुटीची दलदल. हजाराच्या आसपास असलेल्या जर्मन फौजेनं त्यांना परतवलं. आठशेच्या आसपास माणसं मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली, आणि मशीनगन व लाखो गोळ्या किनाऱ्यावर टाकून फौज परतली. त्याच डिसेंबरात माधवराव शिंदे महाराजांनी एक जहाज विकत घेतलं, भारतीय जवानांसाठी त्यावर तरंगतं इस्पितळ केलं आणि त्याला 'लॉयल्टी' नाव दिलं. हेच जहाज पुढे वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचं पहिलं जहाज झालं. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं, आणि म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. ग्वाल्हेरचा आणि समुद्राचा काही संबंध नाही असं कुणी म्हणालं, तर हे सांग.

आता परदेशी फौजेबद्दल. आधी एक गोष्ट स्पष्ट हवी: अमेरिकेशी आपला एकमेकांसाठी लढायचा करार नाही. सराव केला म्हणून आपण त्यांच्या गोटात गेलो असं होत नाही. तरी सराव हवा, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण २६ डिसेंबर २००४ ची सुनामी. धक्के तुटले, बंदरं गाळानं भरली, आणि मदत घेऊन गेलेल्या जहाजांना लागायला जागा नव्हती. आपलं नौदल काही तासांत श्रीलंकेकडे निघालं. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचीही जहाजं त्याच पाण्यात होती. अशा वेळी उघड्या किनाऱ्यावर उतरावंच लागतं, आणि चार देशांच्या बोटी एकाच पुळणीकडे येतात तेव्हा ओळख करून घ्यायला वेळ नसतो. मोठं उतरणारं जहाज आपल्याला हवं, ही जाणीव तेव्हा पक्की झाली. २००७ मध्ये अमेरिकेचं जुनं 'ट्रेंटन' आपण घेतलं आणि ते 'आयएनएस जलाश्व' झालं. त्याचा मागचा भाग पाणी भरून खाली बसवतात आणि बोटी थेट जहाजाच्या पोटात शिरतात. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, मालदीवहून ६९८ भारतीयांना याच जहाजानं कोचीला आणलं.

तुझ्या बातमीतल्या सरावाचं नाव टायगर ट्रायम्फ. पहिला नोव्हेंबर २०१९ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे झाला, तिन्ही दलं मिळून अमेरिकेबरोबर केलेला आपला पहिलाच. पुढे २०२४ आणि २०२५ मध्येही झाला. विषय आपत्तीतली मदत. २०१९ मध्ये आपल्याकडून जलाश्व आणि ऐरावत यांच्याबरोबर 'संधायक' हे सर्वेक्षण जहाजही होतं. फोटोत ते कुणी दाखवत नाही, पण खोली मोजणारं जहाज मोहिमेत असणं हीच मला त्या यादीतली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटली.

बातमीत दिसतो तो शेवटचा दिवस: गाड्या वाळूवर, झेंडे, हस्तांदोलन. खरं काम त्याआधीच्या बैठकांत होतं, आणि ते कंटाळवाणं असतं. खोली एकजण मीटरमध्ये सांगतो, दुसरा फुटांत. ती खोली ओहोटीच्या पाण्यापासून मोजली की भरतीच्या, हे आधी ठरलं नाही तर दोन्ही आकडे खरे असून बोट रुतते. वायरलेसवर कुणी कोणत्या क्रमानं बोलायचं, जखमी जवान कुणाच्या जहाजावर न्यायचा, त्यांचं हेलिकॉप्टर आपल्या डेकवर उतरताना हाताच्या खुणा कुणाच्या चालणार, हे सगळं आधी पक्कं करावं लागतं. आणि सर्वांत नाजूक म्हणजे हुकूम कुणाचा. पाण्यात असेपर्यंत नौदलाचा अधिकारी, फौज किनाऱ्यावर स्थिरावली की भूदलाचा. हा हात बदलण्याचा क्षण एका देशात पाळतानाच घोळ होतात, दोन देशांत तर सराव केल्याशिवाय जमणारच नाही.

आपली सेना अनुभवी असताना त्यांच्याबरोबर सराव कशाला, असं विचारलंस. त्यांच्याकडे या कामासाठीच वाढवलेलं अख्खं दल आहे, मरीन कोअर, आणि ऐंशी वर्षांचा साठलेला अनुभव. तो घेण्यात कमीपणा कसला? आपणही देतो. आपल्या बाजूचा पावसाळी समुद्र, गाळाचे किनारे आणि पुळणीवर पसरलेली कोळ्यांची जाळी हे त्यांच्यासाठी नवं असतं. १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बसली होती, आणि मराठ्यांच्या उथळ पाण्यात चालणाऱ्या लहान होड्या रात्री थळच्या किनाऱ्यावरून रसद पोहोचवत होत्या. आपल्या पाण्याची ओळख ही आपली जुनी ताकद आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये झालेल्या बेका करारानं नकाशे आणि सागरी माहितीची देवघेव दोन देशांत सोपी झाली. तो चांगला करार आहे, पण त्या नकाशावर विसंबून दोरी घरी ठेवणारा अधिकारी मला चालणार नाही.

आणि हे फक्त समुद्राचं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंध नदीला पूर आला, दतिया-भिंडकडचे पूल वाहून गेले आणि फौजेला बोलावावं लागलं, ते तुला आठवत असेल. पुरात बोट घालण्यापूर्वी ओढ कुठे आहे, बुडालेली भिंत कुठे, विजेची तार कुठे, हे पाहणारा माणूस लागतो. काम तेच.

आता तुझं. समुद्र न पाहिलेला असणं ही अडचण नाही, पाण्याची भीती ही अडचण आहे. मार्कोस, म्हणजे नौदलाचा कमांडो, व्हायचं असेल तर आधी नौदलात जावं लागतं, मार्कोसची निवड तिथल्याच माणसांतून होते. भूदलात राहून हे काम करायचं असेल तर सॅपर्स किंवा मेकॅनाइज्ड इन्फंट्री, म्हणजे 'सारथ'सारख्या गाड्यांतून लढणारं पायदळ, पाहा. पोहणं आजपासून सुरू कर, पण उस्तादाच्या नजरेखाली. आपल्याकडे एलएनआयपीईसारखी शारीरिक शिक्षणाची देशात नावाजलेली संस्था आहे, तिथे किंवा दुसऱ्या एखाद्या तलावात शिकायची सोय होते का ते विचार. तिघरा धरणात मित्रांबरोबर पैज लावून उतरू नकोस. लांब आणि सावकाश पोहायला शीक, वेग नंतर येतो. भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा मार्कांपुरता वाचू नकोस, उधाण कोणत्या तिथीला आणि भांग कोणत्या, हे तोंडपाठ असू दे.

पहिल्यांदा समुद्रावर जाशील तेव्हा पूर्ण ओहोटीची वेळ काढून जा आणि वही ने. पाणी मागे गेल्यावर वाळूचे बांध आणि त्यांच्यामधले खळगे उघडे पडतात. ते पावलांनी मोजून काढ. मग सहा तास थांब, भरती येऊ दे, आणि तेच खळगे वरून दिसतात का ते बघ.