आजोबा फौजी होते, नंतर आडत चालवली. त्यांच्यावर काय लिहावं?

तुम्ही विचारलंय की आजोबा नव्वदी ओलांडून गेले, आधी फौज आणि मग लातूरला घरची आडत, आता वर्षश्राद्धाला पाहुण्यांत वाटायला पुस्तिका काढायची तर सुरुवात कुठून करू? ‘शूर सैनिक, यशस्वी व्यापारी, प्रेमळ कुटुंबप्रमुख’ इथून करू नका, एवढं आधी सांगतो. तो मजकूर नाव बदलून कुणाच्याही फ्लेक्सवर चालतो.

आमचे तात्याही असेच, फौजेतून येऊन औशाला दुकानावर बसलेले. ते गेल्यावर शोकसभेत एका पुढाऱ्यानं त्यांना थेट सीमेवर नेऊन दुश्मनाच्या छाताडावर बसवलं. तात्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. रेशनचा ट्रक चालवायचे आणि विचारलं तर तेवढंच सांगायचे.

म्हणून आधी ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक आणि पदकं काढा. पदकं खोटं बोलत नाहीत. १९६५ ला प्रत्यक्ष लढाईच्या टापूत असणाऱ्यांना समर सेवा स्टार मिळाला; रक्षा पदक त्या वेळी नोकरीत असलेल्यांना सरसकट होतं. १९७१ चं तसंच. पूर्वेकडे असतील तर पूर्वी स्टार, पश्चिमेकडे असतील तर पश्चिमी स्टार, आणि नुसतं संग्राम पदक असेल तर ते मागच्या फळीत होते. त्यात कमीपणा कसला? पुढच्याला भाकरी कुणीतरी पोचवावीच लागते. आजोबा १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत असतील आणि पूर्वी स्टार असेल, तर मात्र डिसेंबर १९७१ च्या जमालपूरच्या लढाईबद्दल जरूर वाचा. कागद हरवले असतील तर त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे. जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी दिलेली समजा. आपल्याकडचे निम्मे म्हातारे १ जूनचेच.

फौज फार तर पंधरा-वीस वर्षांची. दुकान त्याच्या दुप्पट, आणि खरा माणूस वह्यांत सापडतो. पणजोबांच्या काळातल्या वह्या असतील तर मोडी वाचणारा गाठा. निजामाच्या राज्यातल्या कागदांवर फसली, म्हणजे महसुली सन असू शकतो. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. रकमाही हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयांत असतील. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, तेव्हा आकडे बघून पणजोबांना लखपती करू नका.

आजोबांच्या काळात १९७२ ची खतावणी आधी उघडा. तो दुष्काळ आठवत नाही असं म्हातारं माणूस मराठवाड्यात सापडणार नाही. उचल कुणाकुणाला दिली, व्याज लावलं की नाही, पुढच्या सुगीला पट्टीतून, म्हणजे मालाच्या हिशेबातून कापून घेतलं की खातं तसंच राहू दिलं, हे बघा. त्यावरून आजोबा कसे होते ते कुठल्याही भाषणापेक्षा जास्त कळेल. कधीकधी नको तेही कळेल. आमच्या तात्यांनी सख्ख्या मेहुण्याला पैसाही सोडला नव्हता. आजी त्यावर मरेपर्यंत बोलायची.

मग ३० सप्टेंबर १९९३ चं पान. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव झोपलेलं, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, माणसं झोपेतच गाडली गेली. आमच्या रोकड वहीत त्या तारखेला विक्री नाही. खर्चाच्या बाजूला दोनच ओळी आहेत: ‘डिझेल’ आणि ‘कापड, पांढरं’. रक्कम शाईनं लिहिलेली, अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत. साठीच्या आसपासच्या तात्यांनी त्या दिवशी हमालांना मागं बसवून दुकानाचा ट्रक स्वतः किल्लारीकडं काढला होता. घरी त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आम्हाला वहीमुळे कळलं.

एवढं हाताशी आलं की जुना मुनीम आणि एखादा हमाल गाठा. वह्या नेऊन त्यांच्यापुढे ठेवा, नुसतं ‘आजोबा कसे होते’ विचारलं तर ‘देवमाणूस’ म्हणून चहा पाजतील. ‘हे खातं का बंद केलं?’ असं विचारा, म्हणजे बोलतील. वह्यांच्या पानांचे फोटो आधीच काढून ठेवा, कसर लागायला वेळ लागत नाही.

आणि पुस्तिकेत देणेकऱ्यांची नावं तेवढी छापू नका. त्यांची नातवंडं तुमच्याच गावात राहतात.