कॅज्युअल्टीची ऑर्डर निघाली म्हणून

प्रिय सिस्टर,

मेडिसिन वॉर्डातून तुझी कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात, बदलीची ऑर्डर निघाली, हे कळलं. फोनवर तू आधी विचारलंस, "मला जमेल का हो?" आणि मग जरा थांबून, "नाइटला मीच सीनियर असेन, तर मी नक्की करायचं काय?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जमेल, सगळ्यांना जमतं. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो फोनवर उरकण्यातला नाही, म्हणून हे पत्र.

सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत कोण किती दिवस टिकतं ते बघ. इंटर्न पंधरा दिवसांसाठी येतो आणि थोडंफार कळायला लागलं की जातो. रेसिडेंट कॉल आला की उतरतो, बघतो, वर जातो. सीएमओ साहेब, म्हणजे कॅज्युअल्टीचे मेडिकल ऑफिसर, पाळीप्रमाणे बदलतात. मामा-मावश्या, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, आता कंत्राटी, एजन्सी बदलली की चेहरे बदलले. राहते ती सिस्टर. कुठल्या भिंतीवरचं सक्शन ओढत नाही, कुठल्या बीपी मशीनचा कफ सैल आहे, रात्री ब्लड बँकेत कोण फोन उचलतं, हे सगळं तिच्याच डोक्यात असतं. ऑर्डर डॉक्टरांची असते, पण विभाग सिस्टरचा असतो. तू सीनियर म्हणून काय करायचं, याचं माझं उत्तर एवढंच आहे. बाकीचं पत्र त्याचाच तपशील समज.

पाळीला गेलीस की ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून ताबा, घेतानाच सगळ्या वस्तूंना हात लावून बघायचं. रजिस्टरवर 'चेक्ड' लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. घशात बघायचा लॅरिंगोस्कोप उघडून दिवा लागतो का बघ, पिवळा मिणमिणता लागत असेल तर सेल बदल. हातानं श्वास द्यायच्या ॲम्बू बॅगचं तोंड तळहातानं दाबून धर आणि बॅग दाब, हवा कुठून निसटत असेल तर तेव्हाच कळेल. सक्शन चालू करून नळी वाटीभर पाण्यात घाल. ऑक्सिजन सिलिंडरची चावी बँडेजच्या पट्टीनं सिलिंडरलाच बांधून ठेव. ही चावी कुणाच्या तरी ॲप्रनच्या खिशातून घरी जाते आणि नेमकी रात्री दोनला लागते. कुलूपबंद ड्रॉवरची किल्ली कुणाकडे, तेही पाळी सुरू होतानाच विचारून घे. यात दहा-बारा मिनिटं जातात. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात हे सगळेच करतात, तू बाकीच्या दिवशीही कर.

आता नजरेबद्दल. लाल, पिवळा, हिरवा, काळा असा ट्रायाजचा, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवण्याचा, तक्ता तुमच्याही भिंतीवर असेलच, बहुधा पंख्याच्या बटणांच्या वर, कुणी बघत नाही अशा जागी. तो पाठ कर, पण पेशंट रंग लावून येत नाहीत. जो ओरडतोय त्याची श्वासाची वाट मोकळी आहे, एवढं तरी तो ओरडूनच सांगतो. भिंतीला टेकून गप्प बसलेला, घामानं भिजलेला माणूस आधी बघ. 'पित्त झालंय, घशाशी जळजळतंय' म्हणणारी साठीची मधुमेही बाई आली तर पित्ताच्या पॅन्टोप्राझोलच्या आधी ईसीजी, आणि तोही आल्यापासून 10 मिनिटांत. 'पिऊन पडलाय' म्हणून लोक ज्याला बाकावर टाकून गेले, त्याची शुगर बोटातून काढल्याशिवाय त्याला दारुडा म्हणायचं नाही.

आणि श्वास मोज. कुठल्याही वॉर्डातले केसपेपर उघड, प्रत्येकाचा आरआर, म्हणजे मिनिटाचे श्वास, 20 लिहिलेला सापडेल. तापाचा 20, दम्याचा 20, हाडमोडीचा 20. कुणी मोजतच नाही, कारण त्याला मशीन नाही आणि एक मिनिट उभं राहावं लागतं. बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. नाडी बघतेय असं दाखवून मनगट धर आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोज. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस तो बदलतो. पंचविसाच्या पुढे गेलेला, शांतपणे बोलणारा पेशंट मला कायम धास्तावतो.

पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा सापाबद्दल जरा सविस्तर. आपल्याकडे विषारी साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चौघांविरुद्ध लस (म्हणजे प्रतिविष) एकच. त्यामुळे नातेवाइकांनी साप मारून पिशवीत आणला नाही म्हणून काही अडत नाही. उलट मारून आणलेल्या सापाला कुणी हात लावू नये हे बघ. घोणस-फुरशाचं विष रक्तावर काम करतं, नाग-मण्यारचं मज्जातंतूंवर. रक्ताची चाचणी तुझ्याच हातातली आहे. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, नळी स्टँडमध्ये उभी ठेवायची आणि 20 मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठत नाहीये, ताबडतोब सांग. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणानं धुतलेल्या काचेतही रक्त नीट गोठत नाही आणि उत्तर चुकतं. म्हणून डझनभर कोऱ्या काचेच्या नळ्या इंडेंट करून (मागवून) वेगळ्या डब्यात ठेव, लॅबवाल्यांना देऊ नकोस. नळी लावल्याची वेळ हातमोज्यावर नको, केसपेपरवर लिही, मोजा कचऱ्यात जातो. पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, ही चाचणी पुन्हा पुन्हा करायची असते.

मण्यारचं वेगळंच. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री झोपेत चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी दातांची खूणही दिसत नाही. माणूस येतो तो पोटात दुखतंय, घसा दुखतोय म्हणत. अशाला 'वर बघा' म्हण आणि पापण्या बघ. जड होऊन अर्ध्यावर येत असतील तर इंट्युबेशनची, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालायची, तयारी बाजूला आणून ठेव. लस सुरुवातीला 8 ते 10 व्हायल जाते, आणि लहान मुलालाही तेवढीच, कारण सापानं मूल म्हणून विष कमी सोडलेलं नसतं. टेस्ट डोस करायचा नाही. पावडर विरघळवताना व्हायल जोरात हलवू नकोस, फेस होतो, हातात धरून गोल फिरव. आणि लस लावण्याआधी ॲड्रिनलिनची सिरिंज भरून, नाव लिहून उशाशी ठेव. रिॲक्शन आली तर मोठ्यांना अर्धा मिलिग्रॅम मांडीत द्यायचं असतं, तेव्हा अँप्युल शोधत बसायला वेळ नसतो.

या पापण्यांवरूनच तुझा खरा प्रश्न सुरू होतो. समज, पापण्या तुला दिसल्या, आणि इंटर्न पोटदुखी म्हणून डायक्लोफेनॅक लिहितोय. काय करशील? सगळ्यांसमोर 'अहो, हे काय लिहिताय' म्हणालीस तर तो पोरगा पुढचे पंधरा दिवस तुला काही विचारणार नाही, आणि ते फार महागात पडतं. 'सर, एकदा याच्या पापण्या बघता का, मला जड वाटतायत,' असं म्हण. दहातले नऊ जण बघतात आणि आयुष्यभर लक्षात ठेवतात. दहावा बघत नाही. त्याला दुसऱ्यांदा सरळ सांग, 'मला हा पेशंट बरा वाटत नाही, मी सीनियरना कॉल लावतेय.' कॉल बुकात वेळ लिही, कोणी उचलला ते लिही, नर्सिंग नोट्समध्ये जे दिसलं तेवढंच लिही. कुणाबद्दलचं मत तिथं लिहायचं नसतं. तिसऱ्यांदा वाट बघू नकोस, थेट सीएमओंच्या टेबलापाशी जा. आपल्याकडे 'सिस्टर फार बोलते' हे अजूनही दूषण समजतात. समजू देत.

तोंडी ऑर्डर आली की मोठ्यानं परत म्हणायची, देण्याआधी. फवारणीचं औषध प्यायलेल्याला उताऱ्याचं 'ॲट्रोपिन तीन' असं कुणी ओरडलं तर तीन काय? आपल्याकडच्या नेहमीच्या अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं. तीन अँप्युल म्हणजे 1.8, आणि तीन मिलिग्रॅम म्हणजे पाच अँप्युल. म्हणून 'तीन अँप्युल, 1.8 मिलिग्रॅम, देतेय' आणि दिल्यावर 'दिलं, दोन वाजून दहा'. सुरुवातीला नाटकात संवाद म्हटल्यासारखं वाटेल. पण ज्या खोलीत चार जण एकाच वेळी बोलतात तिथं हा एकच आवाज हिशेब ठेवतो. डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट होत जातो, आणि पुरेसं झालं का ते डोळ्यांच्या बाहुल्यांपेक्षा छातीवरून ठरतं. फुप्फुसं कोरडी झाली का, नाडी 80 च्या वर आली का, हे बघ.

विषाच्या पेशंटला आधी एक विचारायचं: बाटली कुठाय? कीटकनाशक आणि तणनाशक यांत फार फरक आहे. पॅराक्वाटसारखं तणनाशक असेल तर ऑक्सिजन नुसता सवयीनं लावायचा नाही, गरज नसताना दिला तर फुप्फुसांचं जास्त नुकसान होतं. आणि प्रत्येकजण पिऊनच आलेला असतो असंही नाही. 2017 च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते फवारताना. अंगावरचे कपडे काढणं, साबणानं अंग धुणं, केससुद्धा धुणं, हाही उपचारच आहे, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सुचणार नाही. हातमोजे आणि ॲप्रन घालून, मावशींनाही द्यायचे. त्यांना कुणी देत नाही.

कधीतरी ट्रॅव्हल्स उलटेल किंवा लग्नाचा टेम्पो, आणि 108 च्या गाड्या एकामागून एक येतील. त्या वेळी सीनियर म्हणून तू सुई हातात घ्यायची नाही. हे फार जड जातं, कारण तुझा हात सगळ्यांत चांगला असतो आणि शिर सापडत नसलेली पोरगी तुझ्याकडेच बघत असते. पण हातात सुई धरली की नजर सुईएवढीच होते. तू दारात उभी राहा. कोण कुठल्या कोपऱ्यात जाईल ते सांग, माणसाचं नाव घेऊन सांग. 'कुणीतरी ऑक्सिजन आणा' म्हटलं की कुणीच आणत नाही. 'शिंदे मामा, मोठं सिलिंडर, तीन नंबरच्या बेडला' म्हटलं की येतं. ओळख न पटलेल्यांच्या दंडावर मार्करनं नंबर लिही, कागद हरवतात. चालता येणाऱ्यांना ओपीडीच्या बाकांवर पाठव आणि अर्ध्या तासानं तिकडे कुणाला तरी पुन्हा बघायला लाव.

नेतृत्वाचं बोलायचं तर मला मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या अंजली कुलथे आठवतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी आवारात शिरले तेव्हा त्यांनी वॉर्डाची दारं लावून घेतली आणि 20 गरोदर बायकांना पँट्रीच्या छोट्या खोलीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या कडेकडेनं लेबर रूमला नेलं. पुढे कोर्टात कसाबला ओळखण्यासाठीही त्या उभ्या राहिल्या. त्या तेव्हा मेट्रन नव्हत्या, रात्रपाळीच्या सिस्टर होत्या. लोक त्यांचं धाडस सांगतात आणि ते आहेच. माझं लक्ष जातं ते त्यांना वॉर्डातली प्रत्येक खोली आणि दार माहीत होतं, याकडे.

एमएलसीचं, म्हणजे पोलीस केसचं, थोडक्यात. आधी उपचार, मग पोलीस. सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय, तेव्हा 'आधी चौकीत जा' असं कुणालाही म्हणू द्यायचं नाही. भोसकलेल्याचा शर्ट कापताना भोकातून कात्री घालू नकोस. कपडे प्लास्टिकात नको, कागदी पिशवीत. बेशुद्ध बाईच्या अंगावरचे दागिने दोन साक्षीदारांसमोर उतरवून यादी कर, आणि 'सोन्याचे' असं लिहू नकोस, 'पिवळ्या धातूचे' लिही. सोनं की नाही हे ठरवणं आपलं काम नव्हे.

नातेवाइकांपैकी एकाला निवड, बहुधा कोपऱ्यात शांत उभा असलेला, आणि दर वीसेक मिनिटांनी त्यालाच जाऊन सांग. सांगण्यासारखं काही नसेल तरी सांग. गर्दी चिडते ती आत काय चाललंय ते कळत नाही म्हणून. तरीही आवाज चढायला लागले तर दाराच्या बाजूला उभी राहा, कोपऱ्यात सापडू नकोस, सुरक्षारक्षकाला आधीच बोलाव. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्धचा राज्याचा 2010 चा कायदा आपल्या बाजूनं आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो नंतर उपयोगी पडतो.

शेवटचं तुझ्याबद्दल. सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. 'सकाळी बघू' चालत नाही. हेपॅटायटिस बीचे तुझे दोन डोस झालेत, तिसरा राहिलाय असं मागे म्हणाली होतीस. रुजू व्हायच्या आधी तो घे आणि महिन्या-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू झाली का ते बघायची रक्तचाचणी, करून घे.

तुमच्या इनचार्ज सिस्टरना माझी ओळख सांगू नकोस. आमचं फारसं कधी पटलं नाही. पण क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची ट्रॉली, कशी लावायची ते त्यांच्याकडूनच शीक, त्या बाबतीत त्यांच्याइतकं चोख मी कुणाला पाहिलेलं नाही.

तुझी,
जुनी इनचार्ज