रकान्यात शब्द आपोआप का सुचत नाहीत?

प्रश्न : आमच्या देवस्थानाच्या पावत्यांची नोंद मी एक्सेलमध्ये ठेवते. गाव आणि सेवा या दोन रकान्यांत पहिली अक्षरे टंकली की पुढचा शब्द आपोआप येतो, पण रोज सकाळी नव्या नोंदी सुरू करताना तो येत नाही, आणि ‘मडगाव’ तर जवळजवळ कधीच येत नाही. सोबत फाईल पाठवली आहे. सेटिंग बिघडली असेल का?
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : काही वेळा शब्द येतो, त्या अर्थी सेटिंग चालू आहे. ज्यांना तो कधीच येत नाही, त्यांनी फाईल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड या मार्गाने जाऊन ‘एनेबल ऑटोकंप्लीट फॉर सेल व्हॅल्यूज’ या चौकटीत खूण आहे का, ते पाहावे. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना हीच सोय टूल्स मेनूत ‘ऑटोइनपुट’ या नावाने मिळेल.

तुमची अडचण नोंदवहीच्या मांडणीत आहे. दिवस संपला की तुम्ही एक पूर्ण ओळ रिकामी सोडता. कागदी वहीत ही सवय चांगलीच. पण एक्सेल त्या रकान्यातल्या सलग नोंदींमधूनच शब्द शोधते आणि मध्ये कोरी ओळ आली की तिच्या पलीकडे पाहत नाही, त्यामुळे दररोजची पहिली नोंद त्याच्या दृष्टीने नव्या वहीतली पहिली नोंद ठरते. कोऱ्या ओळी काढून टाका, प्रत्येक ओळीत तारीख लिहा आणि दिवसाची बेरीज ‘समइफ्स’ (SUMIFS, म्हणजे दिलेल्या अटीत बसणाऱ्या रकमांचीच बेरीज करणारे) सूत्राने वेगळ्या शीटवर घ्या.

आता मडगावाकडे येऊ. टंकलेली अक्षरे रकान्यातल्या एकाच नोंदीशी जुळेपर्यंत एक्सेल काहीही सुचवत नाही. रकान्यात मडकई असल्यामुळे ‘मड’ला ते गप्प राहणारच, पण ‘मडग’नंतर तरी शब्द यायला हवा होता. तो येत नाही, कारण तुमच्या फाईलमध्ये काही ठिकाणी ‘मडगाव’ आणि काही ठिकाणी अनुस्वार देऊन ‘मडगांव’ असे लिहिलेले आहे. आपल्याला ते एकच गाव, एक्सेलला दोन. ‘मडगा’ टंकून झाले तरी दोन्ही जुळतातच, आणि पुढचे अक्षर टंकेपर्यंत शब्द तुम्हीच पुरा केलेला असतो. आपल्याकडे पाट्यांपासून निमंत्रणपत्रिकांपर्यंत दोन्ही रूपे दिसत असल्याने हा दोष मी एकट्या टंकणाऱ्याच्या माथी मारणार नाही. कोऱ्या ओळी काढल्यावर रकान्यातल्या शेवटच्या नोंदीखाली थांबून ऑल्ट आणि खालचा बाण दाबा. आधी लिहिलेल्या सगळ्या नोंदींची यादी उघडेल आणि अशी जुळी नावे लगेच सापडतील. मग तेवढाच रकाना निवडून कंट्रोल-एचने, म्हणजे शब्द शोधून बदलण्याच्या सोयीने, एक रूप कायम करा.

सेवेच्या रकान्यात उलटा धोका आहे. आधी फक्त ‘अभिषेक व नैवेद्य’ अशी नोंद असेल आणि तुम्ही नुसते ‘अभिषेक’ टंकून एंटर दाबला, तर सुचवलेला पूर्ण मजकूर बसतो आणि पावती नि नोंद यांचा मेळ जात नाही. अशा वेळी एंटरच्या आधी डिलीट दाबावे. नुसते आकडे आणि तारखा मात्र एक्सेल कधीच सुचवत नाही, आणि रकमेच्या रकान्यात ते योग्यच आहे.

सेवा ठरलेल्या असल्यामुळे त्या रकान्याला पक्की यादी जोडणे मला अधिक बरे वाटते. वेगळ्या शीटवर सेवांची नावे लिहून कंट्रोल-टीने त्यांचा टेबल करा, मग डेटा मेनूतील ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये ‘लिस्ट’ निवडून ती नावे दाखवा. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या नव्या आवृत्तीत टंकता टंकता ही यादी गाळून समोर येते. जुन्या आवृत्तीत ती उघडून निवडावी लागते. यादीबाहेरचा शब्द टंकल्यास एक्सेल तो नाकारते, परंतु दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला मजकूर त्याच्या नजरेतून सुटतो, तेव्हा जुन्या फाईलमधल्या नोंदी आणताना त्या एकदा स्वतः तपासा.