कॅमेरा लावाच, पण आधी वही करा

प्रश्न : दादा, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आमच्या लाईनच्या शेवटी एक रिकामा प्लॉट आहे, मालक म्हणे पुण्याला असतो. दिवाळीनंतर कुणीतरी तिथं बाथरूम फोडल्याचा राडारोडा टाकला आणि मग काय, सगळ्यांनाच लायसन मिळालं! फाटक्या गाद्या, शहाळी, लग्नातल्या पत्रावळ्या, सगळं तिथंच. दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा गाडी येऊन उचलून गेली, पण आठ दिवसांत परत जैसे थे. आता पोरं म्हणतात घरटी पाचशे वर्गणी काढून कॅमेरा लावू. त्यानं थांबेल का?

उत्तर : ताई, कॅमेरा लावा, पण लगेच नको. आधी आठ-दहा दिवस एक वही घाला. काय पडलं, किती वाजता, पायी आलेल्या माणसानं का गाडीवाल्यानं, एवढंच लिहायचं, आणि जीपीएस कॅमेऱ्याचं कुठलंही ऍप घेऊन फोटो काढायचा म्हणजे तारीख, वेळ, ठिकाण फोटोवरच येतं.

हे मी आमच्या पूर्व भागात करून बघितलंय म्हणून सांगतोय. आमच्या बोळाच्या तोंडाशी कायमचा ढीग, आणि आम्ही सगळे शिव्या घालायचो बाहेरच्यांना. फोटोंवरच्या वेळा बघितल्या तर निम्म्याहून जास्त पिशव्या सकाळी नऊच्या आसपासच्या, आणि त्या आमच्याच बोळातल्या! बायका वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यावर निघायच्या नऊला आणि घंटागाडी यायची साडेदहाला, तेव्हा निम्म्या घरांना कुलूप. मग ओली पिशवी दिवसभर उन्हाळ्यात घरात कोण ठेवणार, जाता जाता तोंडाशी ठेवून जायच्या. सफाईच्या मुकादमाला ते फोटो दाखवले, चहा पाजला, त्यानं आमचा बोळ राऊंडमध्ये आधी घेतला आणि ढीग निम्मा झाला, एक रुपया खर्च न करता. उरलेला निम्मा एका छोटा हत्ती टेम्पोचा निघाला, रात्री अकरानंतर येणारा. कॅमेरा लागतो तो ह्याच्यासाठी.

राडारोड्याचं वेगळं असतं. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे नियम सांगतात की ज्याच्या घरचं काम त्यानंच तो आपल्या जागेत ठेवायचा आणि ठरवून दिलेल्या ठिकाणी पोचवायचा, रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत टाकायचा नाही. पण घरमालक मिस्त्रीला विचारतो, मलबा कुठं? मिस्त्री म्हणतो, मी बघतो. हा 'मी बघतो' रात्री तुमच्या प्लॉटवर येऊन पडतो. म्हणून लाईनीत कुणाचं काम निघालं की हातोडा पडायच्या आधीच विचारायचं, कुठं जाणार, कुणाची गाडी, आणि गाडीचा एमएच 13 वाला नंबर वहीत घ्यायचा. थोडा वाईटपणा येतो, येऊ दे.

मालक पुण्याला असला तरी सापडतो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक भूलेखच्या साईटवर बघा, नाव काढा, आणि त्याला कंपाऊंड घालायला लावा अशी लेखी मागणी महापालिकेच्या झोन ऑफिसला द्या, पोच घ्यायला विसरू नका. तारेचं का होईना, कंपाऊंड पडलं की गाडी आत वळत नाही.

प्रश्न : माणसं नाहीत, फंड नाही असं उत्तर मिळालं तर पुढं काय?

उत्तर : तर 1980 सालचा रतलामचा निकाल सांगायचा. मध्य प्रदेशातल्या रतलामचे लोक उघडी गटारं आणि घाणीला कंटाळून कोर्टात गेले होते, नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही सबब चालणार नाही. तो सगळा मामला सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 133 वर उभा होता, आता तेच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे, त्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पण तिथवर जाऊ नका पटकन. मुकादम आणि आरोग्य निरीक्षक आपल्या बाजूला असलेले बरे.

प्रश्न : आम्ही कॅमेरा लावला, माणूस दिसतो पण रात्री गाडीची नंबर प्लेट नुसती पांढरीफक्क. पैसे वाया गेले का? आणि ती क्लिप गल्लीच्या ग्रुपवर टाकू का?

उत्तर : वाया नाही गेले. प्लेट चमकणाऱ्या शीटची असते, कॅमेऱ्याचा रात्रीचा लाईट तिच्यावरून सरळ परत येतो. एक कॅमेरा लांबचं बघायला राहू दे, दुसरा फक्त प्लेटसाठी लावा, जरा खाली, थोडा तिरका, जिथं खड्डा किंवा वळण आहे आणि गाडी स्लो होते तिथं, आणि शटर फास्ट ठेवायला सांगा. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, थोड्या दिवसांत जुन्यावर नवं लिहितो, तेव्हा क्लिप त्याच दिवशी काढून घ्या. आणि घड्याळ बघा हो! आमच्या डीव्हीआरवर दीड वर्षापूर्वीची तारीख चालू होती, छोट्या हत्तीवाला सापडला पण क्लिप दाखवायला गेलो तर हसले लोक.

ग्रुपवर अजिबात टाकू नका. आमच्याकडं एकानं टाकली, ढिगाशी वाकलेली एक बाई, खांद्यावर मोठं पोतं. दहा मिनिटांत 'पकडा हिला' सुरू, दुसऱ्या दिवशी दोघांनी तिला चारचौघांत झापलं. पूर्ण क्लिप नंतर बघितली तर ती टाकत नव्हती, बाटल्या आणि पुठ्ठे वेचून पोत्यात भरत होती. ती परत आलीच नाही आमच्या बोळात. आता क्लिप फक्त आरोग्य निरीक्षकाच्या नंबरवर जाते, तीही सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोघांनी बघितल्यावर.