ओआरएसमध्ये साखर कशाला, आणि पाण्याला पंप असतो का?

तू अकरावीत आहेस, तुझे हे दोन्ही प्रश्न, ओआरएसचा (जुलाबात पाजतात ते मीठ-साखरेचं पाणी) आणि पंपाचा, एकाच ठिकाणी येऊन मिळतात. आधी पंपाचं. पाण्याला पंप नसतोच, पेपरात तसलं काही लिहू नकोस. पेशी ढकलते ते क्षार, पाणी आपोआप त्यांच्या मागून जातं.

चेपणीची तोरं घालताना बघितलीयस ना? कैऱ्या मिठात भरून वर जड दगड ठेवायचा, पाण्याचा थेंब घालायचा नाही, तरी थोड्या दिवसांत बरणीत पाणीच पाणी नि कैऱ्या सुरकुतलेल्या. बाहेर मीठ जास्त म्हणून आतलं पाणी बाहेर आलं, हेच ऑस्मोसिस. पेशीचा पडदा स्निग्ध, त्यातून पाणी हळूहळू झिरपतं, भराभर जायचं तर अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांमधून (त्यांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं), पण तीही फक्त वाट देतात, ढकलत नाहीत.

आता साखर. ती चवीला नाही हां! मिठातल्या सोडियमवर विद्युतभार असतो, त्यामुळे स्निग्ध पडद्यातून त्याला थेट जाता येत नाही, वाहक प्रथिन लागतं. आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं एक असतं, ते २ सोडियम आणि १ ग्लुकोज अशी जोडी जमली तरच दोघांना आत सोडतं. आणि सोडियमला आत यायची ओढ का, तर पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप सतत चालू असतो, दर एटीपीमागे (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, म्हणून पेशीत सोडियम कायम कमी. खरी ऊर्जा खर्च होते ती इथेच. सोडियम आतड्यातून पेशीत, पेशीतून रक्ताकडे, आणि त्याच्या मागून पाणी.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे, की कॉलऱ्यात आतड्यातून क्लोराइड नि पाणी धो धो बाहेर पडत असतं तरी हे एसजीएलटी चालूच राहतं, म्हणून तर नुसतं तोंडाने पाजूनही बहुतेक पेशंट वाचतात. डब्ल्यूएचओच्या आत्ताच्या फॉर्म्युल्यात लिटरमागे सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलीमोल (कणांची संख्या मोजायचं एकक), बरोब्बर सारखे.

घरी करताना पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, मोठं बहुतेक १ लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. पोर पीत नाही म्हणून वरून साखर ढोसू नका, जास्तीची साखर आतड्यातच राहून उलट पाणी ओढते नि जुलाब वाढतात.