फिजिक्स सोडू नका, डोंगर कुठे पळून जात नाहीत

पत्र: सर, मी लोकलचा मोटरमन, राहायला डोंबिवलीत. मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला, फिजिक्स आणि जिऑलॉजी. कॉलेजच्या सहलीत अरवलीला जाऊन आल्यापासून तिच्या डोक्यात एकच. जमिनीत कॉइल पुरून डोंगराच्या पोटातलं बघायचं, त्याला मॅग्नेटोटेल्युरिक्स म्हणतात. त्यासाठी टी.वाय.ला फिजिक्स सोडून जिऑलॉजी घेते म्हणते. यात पोटापाण्याचं काय? आणि डोंगरच बघायचे तर आपला सह्याद्री काय वाईट आहे?

उत्तर: शेवटचा प्रश्न तुम्ही वैतागून विचारलाय हे कळतंय, पण सुरुवात मी तिथूनच करतो.

सह्याद्री हा घडीचा डोंगर नाही. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि पुढे त्यांची कड झिजत झिजत कडे उभे राहिले. अरवली वेगळा. तिथे भूखंडांचे तुकडे एकमेकांवर चेपले जाऊन खडकांच्या घड्या पडल्या, शंभर कोटी वर्षांहूनही आधी. वरचा डोंगर झिजून आता टेकड्या उरल्यात, पण सांधा कुठे जुळला याची खूण खाली खोल शिल्लक असते. दोन भूखंडांमधल्या समुद्राच्या तळाचा काळा चिखल त्या चेपाचेपीत खाली गाडला जातो आणि त्यातल्या कार्बनचं ग्रॅफाइट होतं. पेन्सिलीतलं असतं तेच. ग्रॅफाइटमधून वीज सहज वाहते, भोवतालच्या कोरड्या जुन्या खडकातून जवळजवळ नाहीच. खडकाची विद्युतरोधकता (तो वीज किती अडवतो याचं माप) हजारो ओहम-मीटर आणि मधल्या पट्ट्याची जेमतेम दहाच्या आसपास, असा फरक दिसला की भूभौतिकीवाले, म्हणजे फिजिक्स वापरून जमिनीखालचं शोधणारे, कान टवकारतात. हिमालयासारख्या तरुण डोंगराखाली खारं पाणी किंवा वितळलेला खडकही असाच दिसतो. जुन्या पट्ट्यात ते दोन्ही केव्हाच निवून गेलेले असतात, म्हणून तिथे संशय ग्रॅफाइट आणि सल्फाइड खनिजांवर जातो.

आता तिच्या कामाचं खरं रूप. एका जुन्या विद्यार्थ्याच्या कॅम्पवर मी दोन दिवस राहिलो होतो. सकाळी पोरं जमिनीतली वीज टिपणारे चार इलेक्ट्रोड उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम पुरतात, समोरासमोरच्या दोघांत ऐंशी-शंभर मीटर अंतर. मातीशी नीट संपर्क राहावा म्हणून खड्ड्यात मिठाच्या पाण्याचा लगदा. मग चुंबकीय हेलकावे टिपणारी, हातभराहून लांब कॉइल चरात ठेवायची, पाणसळ लावून समतल करायची, होकायंत्राने दिशा जुळवायची आणि वर हलक्या हाताने माती लोटायची. मी कौतुकाने वाकलो तर खिशातल्या किल्ल्या आधी लांब ठेवायला लावल्या. कडुनिंबाच्या सावलीत का नाही लावत, असं विचारलं तर उत्तर आलं, वाऱ्याने झाड हललं की मुळं हलतात, मुळांनी माती हलते आणि कॉइलला वाटतं भूगर्भातूनच काहीतरी आलं. सगळं लावून झाल्यावर काम काय? काहीच नाही. रात्रभर, कधी दोन-तीन दिवस यंत्र नुसतं ऐकत बसतं. बकऱ्यांनी केबल चावू नये म्हणून एकाने राखण करायची, बस्स.

ऐकायचं काय, तर जगभर कडाडणाऱ्या विजा आणि सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणारे हेलकावे. हेलकावा जितका संथ, तितका तो खोल उतरतो. 100 ओहम-मीटरच्या खडकात शंभर सेकंदांचा हेलकावा साधारण 50 किलोमीटर खाली पोचतो. म्हणजे पृथ्वीचं वरचं सगळं कवच पार करून. ही पद्धत रशियाच्या तिखोनोव यांनी 1950 मध्ये आणि फ्रान्सच्या कान्यार यांनी 1953 मध्ये मांडली.

आणि या कामाचा शत्रू कोण, माहितीये? तुम्ही. रेल्वेचा विद्युत प्रवाह रुळांतून परत जाताना थोडा जमिनीत झिरपतो आणि आसपासच्या मैलोन्‌मैल नोंदी नासवतो. तुमची लोकल 1,500 व्होल्ट डीसीवर धावायची तेव्हा तर विचारूच नका. मुंबईला हे जुनंच दुखणं आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी होत होत्या, पण शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर 1904 मध्ये ते काम अलिबागला हलवावं लागलं.

म्हणून सांगतो, फिजिक्स सोडायचं नाही. फील्डवर जाते ती वर्षातले काही आठवडे. उरलेलं वर्ष संगणकासमोर: नोंदीतला नॉइज काढायचा, इन्व्हर्जन चालवायचं (म्हणजे नोंदींवरून खालच्या खडकांचं चित्र गणिताने काढायचं) आणि एकाच डेटातून दोन वेगळी चित्रं निघाली तर खरं कुठलं यावर डोकं खाजवायचं. त्यात लागतं मॅक्सवेलची वीज-चुंबकाची समीकरणं, कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि पायथन. जिऑलॉजी हवीच, नाहीतर ग्रॅफाइटच्या जागी खारं पाणीही दिसेल माणसाला! पण जिऑलॉजी मागाहून शिकलेले पुष्कळ भेटतात. गणित मागाहून शिकलेले मला फार भेटले नाहीत. डोंगरावर प्रेम बसलंय ते छान, पण ते टी.वाय.चा विषय बदलण्याइतकं कारण नव्हे.

पोटापाण्याचं स्पष्टच बोलतो. नुसत्या मॅग्नेटोटेल्युरिक्सच्या जागा देशात मोजक्या. हैदराबादची एन.जी.आर.आय. (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था), डेहराडूनची वाडिया संस्था, आपल्या पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि काही आय.आय.टी. एवढ्यावर घर चालवायचा बेत करू नका. दार मोठं निवडा, भूभौतिकीचं. बी.एस्सी.नंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. अप्लाइड जिओफिजिक्स, तेही घरापासून लांब नाही, पवईच्या आय.आय.टी.तच आहे. पुढे यू.पी.एस.सी.ची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन जी.एस.आय.मध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात) भूभौतिकशास्त्रज्ञ होता येतं, मूळ वेतन 56,100 पासून. या पदाला एम.एस्सी. फिजिक्सही चालतं, म्हणजे बेत बदलला तरी तिचं नुकसान नाही. तेल आणि खनिज कंपन्या भूभौतिकीवाले घेतात, भूजलाचं काम वाढतंय. संशोधनच करायचं तर नेट-जेआरएफची फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना 37,000.

मुलगी रानोमाळ कशी जाईल, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून दिसलं. टीम असते, जीप असते, आणि या कामात मुली आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. तुम्ही स्वतः रात्री दीडची शेवटची लोकल कारशेडला लावून घरी येता, तेव्हा तुमची बायको जेवढी काळजी करत असेल तेवढीच करा.

आणि सह्याद्रीबद्दल एक राहिलं. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला, तिथे काळ्या कातळाच्या सुमारे किलोमीटरभर जाडीखाली जुना ग्रॅनाइट आहे. या काळ्या कातळाच्या, म्हणजे बसाल्टच्या थरांत भूकंपलहरींची पद्धत गोंधळते, मॅग्नेटोटेल्युरिक्स आरपार बघते. तेव्हा आपल्या डोंगरातही तिला काम आहे, मात्र डोंगरासाठी नाही, त्याच्या खालच्यासाठी.

परीक्षा संपली की पनवेलच्या संस्थेला तिने एक साधा ईमेल लिहावा, भेटीची परवानगी मागावी आणि जाताना तुम्हालाही घेऊन जावं. ती कॉइल बघत बसेल. डीसीच्या दिवसांत गाडी उचलताना किती अँपिअर खेचायची, हे मात्र तिथले लोक तुम्हालाच विचारतील.