'तीव्र' आम्ल आणि 'संहत' आम्ल

प्रश्न असा आहे: एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी सुरक्षा-सूचनांचे मराठी भाषांतर करताना 'तीव्र सल्फ्युरिक आम्ल हे तीव्र आम्ल आहे' असे वाक्य तयार झाले आणि भाषांतर करणाऱ्या बाईंना ते साहजिकच खटकले. पहिल्या 'तीव्र'च्या जागी 'घन', 'कडक' किंवा हिंदीतला 'सांद्र' वापरावा का, आणि पाठ्यपुस्तकातला 'संहत' हा शब्द कोणाला कळत नाही म्हणून तो टाळलेला बरा का, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते ते वाक्य असे लिहावे: 'संहत सल्फ्युरिक आम्ल हे तीव्र आम्ल असून, ते विरल करायचे झाल्यास आम्ल पाण्यात थोडेथोडे, सतत ढवळत ओतावे, पाणी आम्लात ओतू नये.' यातल्या शब्दांच्या दोन जोड्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू देता कामा नयेत. संहत आणि विरल ही जोडी ठरावीक आकारमानाच्या द्रावणात पदार्थ किती आहे हे सांगते. तीव्र आणि सौम्य ही जोडी त्या पदार्थाचा स्वभाव सांगते, म्हणजे पाण्यात गेल्यावर त्याचे रेणू कितपत फुटून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात हे सांगते. पहिली गोष्ट पाणी घालून बदलता येते. दुसरी पदार्थाच्या घडणीतच असते. पाणी घातल्याने तीव्र आम्लाचे सौम्य आम्ल होत नाही.

या जोड्या स्वतंत्र असल्यामुळे त्यांच्या चारही जुळण्या प्रत्यक्षात आढळतात. बाटलीतून मिळणारे सुमारे ३७ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्रही आहे आणि संहतही. आपल्या जठरात तेच आम्ल विरल स्वरूपात असते, तरी ते तीव्रच. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल सौम्य आणि विरल. आणि ज्याला ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड म्हणतात, ते जवळजवळ शुद्ध ॲसेटिक आम्ल अतिशय संहत असूनही सौम्य आम्लच आहे. ते १६.६ अंश सेल्सिअसच्या खाली गोठून बर्फासारखे दिसते, म्हणून त्याला ते नाव पडले. आता या शेवटच्या बाटलीवर 'तीव्र ॲसेटिक आम्ल' असे लिहिले, तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती चूक वाटेल. आणि 'सौम्य' एवढेच लिहिले, तर कातडी भाजवणाऱ्या द्रवाला कोणी निरुपद्रवी समजेल. सुरक्षा-सूचनांत दोन्ही शब्द हवेत ते याच कारणाने.

मग 'तीव्र'ने ही दोन्ही कामे इतकी वर्षे का केली? याचे उत्तर रसायनशास्त्राच्या इतिहासात आहे, आणि मला या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो. द्रावणात पदार्थ किती आहे हे मोजण्याचे साधन नव्हते, तेव्हा द्रावणाला त्याच्या करणीवरून नाव मिळत असे. सराफकट्ट्यावर आजही बोलला जाणारा 'तेजाब' हा फारसी तेज आणि आब मिळून झालेला शब्द, म्हणजे जहाल पाणी. लॅटिन लिहिणारे युरोपीय किमयागार नायट्रिक आम्लाला 'ॲक्वा फॉर्टिस' म्हणजे बलवान पाणी म्हणत, तर जर्मन कारागीर त्यालाच 'शायडेवासर' म्हणजे वेगळे करणारे पाणी म्हणत, कारण ते चांदी विरघळवते आणि सोने मागे ठेवते. आपल्याकडच्या उत्तरकालीन रसग्रंथांत सोरा, तुरटी, हिराकस, नवसागर अशा द्रव्यांचे ऊर्ध्वपातन करून केलेल्या जहाल द्रवाचे नाव 'शंखद्राव' असे येते; शंख विरघळवतो तो शंखद्राव. साखरेच्या पाकाला आपण एकतारी, दोनतारी, गोळीबंद म्हणतो, तीही संहतीचीच नावे आहेत, पण बोटांवर पाक काय करतो त्यावरून दिलेली. अशा भाषेत 'किती आहे' आणि 'किती जोर आहे' हे दोन प्रश्न वेगळे नसतातच.

ते वेगळे व्हायला सुरुवात झाली ती मोजमापामुळे. पॅरिसमध्ये विल्हेल्म होम्बर्ग याने १६९९ मध्ये निरनिराळ्या आम्लांचा जोर एकाच क्षाराच्या, म्हणजे आजच्या पोटॅशियम कार्बोनेटच्या, वजनाशी ताडून पाहिला: ठरावीक क्षार शमवायला कोणते आम्ल किती लागते? १७२९ मध्ये क्लोद-जोसेफ जोफ्रुआ याने व्हिनेगरच्या नमुन्यात हीच पूड फसफसणे थांबेपर्यंत टाकत जाऊन त्यांची तुलना केली. एडिंबरोच्या फ्रान्सिस होम याने १७५६ मध्ये कापड शुभ्र करण्यासाठी लागणाऱ्या राखेची प्रत ठरवताना, ती शमवायला विरल नायट्रिक आम्लाचे किती चमचे लागतात ते मोजले. चमचा हे माप आज बाळबोध वाटेल; पण पदार्थाचे प्रमाण द्रवाच्या आकारमानावरून काढायचे ही कल्पना त्या चमच्यात पूर्ण आहे, आणि द्रव मोजून थेंबाथेंबाने सोडणारी काचेची नळी, म्हणजे आजचे ब्युरेट, हे त्याचेच वंशज आहे.

या पद्धतीला जी नेमकी धार आली ती नाण्यांच्या चांदीमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक १८२९ मध्ये पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य कसपारखी झाला. त्या वेळी चांदीचा कस हाडांच्या राखेच्या मुशीत शिशाबरोबर गाळून काढला जाई, आणि त्यात थोडी चांदी वाया गेल्यामुळे कस हमखास कमी भरे. गे-ल्युसॅकने त्याऐवजी मिठाचे असे द्रावण तयार केले की त्याचे बरोबर १०० मिलिलिटर बरोबर १ ग्रॅम चांदीला पुरावेत. चांदीचा वजन केलेला तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवायचा, त्यात हे १०० मिलिलिटर ओतायचे, बाटली जोराने हलवायची म्हणजे पांढरा साका खाली बसून वरचा द्रव नितळ होतो. मग त्याच द्रावणाच्या दहापट विरल केलेल्या द्रावणाचा एकेक मिलिलिटर सोडायचा. प्रत्येक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम चांदी. द्रवात पुन्हा दुधी ढग उमटला, तर चांदी अजून शिल्लक आहे. ढग उमटेनासा झाला की हिशेब संपला. फ्रेंचमध्ये सोन्याचांदीच्या कसाला 'तित्र' म्हणतात आणि आपण महाविद्यालयात ज्याला टायट्रेशन म्हणतो तो शब्द तिथूनच आला आहे. मराठीत त्यासाठी 'अनुमापन' हा शब्द रूढ आहे आणि तो चांगलाही आहे. पण 'कस काढणे' हा वाक्प्रचार मूळ शब्दाच्या किती जवळचा आहे, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

इथपर्यंत 'किती आहे' या प्रश्नाचे उत्तर मिळाले. 'किती जोर आहे' हा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण जोर म्हणजे नेमके काय तेच ठरलेले नव्हते. सल्फ्युरिक आम्ल सोऱ्यातून नायट्रिक आम्ल आणि मिठातून हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर काढते, म्हणून ते सर्वांत बलवान, असा एक समज होता. प्रत्यक्षात ती दोन आम्ले तापवल्यावर बाष्परूपाने निघून जातात, एवढेच तिथे घडत असते. हा गुंता स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस याने सोडवला. विद्राव्य पदार्थांचे रेणू पाण्यात विद्युतभारित तुकड्यांत विभागतात ही त्याची कल्पना १८८४ च्या त्याच्या उप्साला येथील प्रबंधातून वाढत गेली. प्रबंधाला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने निरनिराळ्या आम्लांची विद्युतवाहकता मोजून ही कल्पना पक्की केली. लिटरमागे एक मोल (रेणूंची ठरावीक संख्या मोजण्याचे एकक) ॲसेटिक आम्ल असलेल्या द्रावणात दर हजार रेणूंपैकी सुमारे चारच रेणू फुटलेले असतात, तर तेवढ्याच हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे. तीव्र आणि सौम्य या शब्दांना काटेकोर अर्थ आला तो या आकड्यांमुळे. शुद्ध ॲसेटिक आम्लातून वीज जेमतेम वाहते. त्यात पाणी घालत गेले की वाहकता आधी वाढते आणि पुढे पुन्हा कमी होते. 'संहत ते तीव्र' हे समीकरण चुकीचे असल्याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

व्यवहारातला दाखलाही तितकाच बोलका आहे. सुमारे ९८ टक्क्यांचे सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादी टाक्यांतून वाहून नेतात, कारण त्याने पोलादाच्या पृष्ठभागावर सल्फेटचा थर धरतो आणि तो थर आतल्या धातूला सांभाळतो. तेच आम्ल पाणी घालून विरल केले की लोखंड झपाट्याने खाते. अर्थात 'संहत' म्हणजे 'अधिक जहाल' असेही समजू नये. संहत हा शब्द फक्त प्रमाण सांगतो.

आता सुचवलेल्या पर्यायांकडे वळतो. 'घन' हा शब्द जुन्या लेखनात आला तो अगदीच निराधार नव्हता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अंत्वान बोमे याने १७६८ मध्ये हायड्रोमीटरसाठी, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणाऱ्या उपकरणासाठी, अंशांची मोजपट्टी तयार केल्यापासून कारखान्यांत द्रावणाची संहती त्याच्या घनतेवरूनच ओळखली जाई, आणि मिठागरात आजही खाऱ्या पाण्याचे 'बोमे' पाहतात; साधारण २५ अंशांना मीठ धरू लागते. इन्व्हर्टरची बॅटरी तपासणारा मेकॅनिक 'ग्रॅव्हिटी' बघतो तेव्हा तोही घनतेवरून आम्लाची संहतीच बघत असतो. तरीही 'घन' नको, कारण संहती वाढली की घनता वाढतेच असे नाही. बाजारात मिळणाऱ्या संहत अमोनियाची सापेक्ष घनता ०.८८ च्या आसपास असते, म्हणजे ते जितके संहत तितके पाण्याहून हलके. अल्कोहोलचेही तसेच. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत तर ९५ टक्क्यांच्या पुढे घनता १.८४ च्या आसपासच घुटमळते आणि हायड्रोमीटरवरून काहीच निश्चित सांगता येत नाही. 'कडक' हा शब्द चहाला शोभतो, पण तो पुन्हा गुण आणि प्रमाण यांची गल्लत करतो. बोलण्यातल्या 'दाट' आणि 'पातळ' यांची अडचण निराळी आहे: संहत सल्फ्युरिक आम्ल तेलासारखे दाट असते खरे, पण संहत हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यासारखेच पातळ वाहते. 'सांद्र' शब्दात दोष नाही. हिंदी पुस्तकांत तो नीट बसलेला आहे. पण मराठी पाठ्यपुस्तकांत 'संहत' आणि 'संहती' रुळलेले असताना दुसरा शब्द आणून विद्यार्थ्याचा घोळ का वाढवावा?

'संहत' कळत नाही ही तक्रार मला तितकीशी मान्य नाही. सम् आणि हन् यांपासून झालेला हा शब्द एकत्र दाटलेले, घट्ट जमलेले असा अर्थ देतो. 'अल्पानामपि वस्तूनां संहतिः कार्यसाधिका' हे सुभाषित आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेत पाठ केलेले असते. त्यातली संहती म्हणजे लहान वस्तूंचे एकत्र येणे, आणि द्रावणातली संहतीही कणांची दाटीच. फक्त लिहिताना 'संहृत' होऊ देऊ नये. तो हृ धातूचा निराळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आवरून घेतलेले असा होतो. ज्या सूचना प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांनीही वाचायच्या आहेत, तिथे पहिल्या उल्लेखात 'संहत, म्हणजे पाण्याचे प्रमाण अगदी कमी असलेले' असे एकदा लिहावे, आणि पुढे नुसते 'संहत' वापरावे.

ओघाने एक जवळचा शब्दही सांगायला हवा, कारण सूचनांच्या त्याच कागदावर तो पुढे येईल. 'संपृक्त' म्हणजे 'अतिशय संहत' नव्हे. त्या तापमानाला द्रावकात आणखी पदार्थ विरघळू शकत नाही, एवढेच संपृक्त द्रावणाबद्दल म्हणता येते. हिंदीतला 'संतृप्त' हा तृप्तीच्या, पोट भरल्याच्या कल्पनेवरून आला आहे. मराठीने मिसळून एकरूप झालेले या अर्थाचा, कालिदासाच्या 'वागर्थाविव संपृक्तौ'मधला शब्द घेतला. साखर तिच्या वजनाच्या निम्म्या पाण्यातही मावते, म्हणून तिचे संपृक्त द्रावण संहतच असते. चुन्याची निवळी मात्र पाहा. खाली चुना बसलेला असेपर्यंत ती संपृक्तच असते, तरी साध्या तापमानाला तिच्या एका लिटरात कॅल्शियम हायड्रॉक्साइड दोन ग्रॅमसुद्धा नसते, म्हणजे ती विरल आहे. आणि जेवढे विरघळते तेवढे बहुतेक सगळे आयनांच्या रूपात असल्यामुळे ती तीव्र आम्लारीचे (आम्लाला शमवणाऱ्या पदार्थाचे) द्रावण आहे. तिच्या बाटलीवर 'कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे संपृक्त द्रावण' असे लिहावे, आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये ही सूचना तिच्यावरही असावी.